तबकड्यांचे सावकार

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने पाठचिकित्सेवर चर्चासत्र भरवले होते. दोन दिवस हस्तलिखितांच्या प्रती, लेखनिकांचे प्रमाद, प्रक्षेप, पाठभेद यांवर चांगली, अभ्यासपूर्ण चर्चा झाली. मधल्या चहाच्या वेळी मी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना सहज म्हणालो, की ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेचा विचार करताना जी. एन. जोशी यांनी गायलेली तिची ध्वनिमुद्रिका हीसुद्धा एक प्रत म्हणून समोर ठेवायला हवी. सर हसले. कप बशीत ठेवत म्हणाले, "तुम्हाला रेकॉर्डी जमवायचा नाद आहे ना? छान छंद आहे. पण आपण इथे साहित्याविषयी बोलतो आहोत."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी एका संग्राहकांच्या घरी गेलो होतो. एका जुन्या लावणीतल्या एका शब्दाबद्दल मला शंका होती. छापील पुस्तिकेत तो शब्द ज्या रूपात आहे त्या रूपात तो गाता येईल असे मला वाटत नव्हते, आणि ती लावणी ज्या तबकडीवर आहे ती या गृहस्थांकडे असल्याचे कळले होते. त्यांनी अगत्याने बसवले, चहा दिला, आणि कपाटातून ती तबकडी काढून दाखवलीही. उजेडाकडे तिरपी धरून तिच्या खाचा किती चकचकीत आहेत ते दाखवले. ती कुठे मिळाली, विकणाऱ्याला तिची किंमत कशी कळली नव्हती, हे रंगवून सांगितले. "महाराष्ट्रात दोनच प्रती आहेत. त्यांतली दुसरी फुटली असे ऐकतो," असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी विसरू शकलेलो नाही. मी म्हणालो, एकदा लावता का? ते म्हणाले, "ही मी लावत नाही. झिजते." मग निदान एकदा संगणकावर उतरवून घेतली आहे का? त्यावर ते थोडे थांबले आणि अगदी सरळपणे म्हणाले, "एकदा उतरवली की ती सगळ्यांकडे जाते हो. मग माझ्याकडे काय उरले?"

या दोन सद्गृहस्थांची एकमेकांशी ओळख नाही. परंतु एका गोष्टीवर त्यांचे संपूर्ण एकमत आहे: तबकडी हा वाचण्याचा, तपासण्याचा, वाद घालण्याचा मजकूर नव्हे. एक तिला छंद म्हणून दाराबाहेर ठेवतो आणि दुसरा तिला ठेव म्हणून कुलपात ठेवतो. प्रस्तुत लेख या दोघांच्याही विरुद्ध आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे काही अंशी लेखकाच्या स्वतःच्याही.

प्रथम 'शीळ'विषयी, कारण सरांना मी तिथे नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. मेहकरच्या या कवीची कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायली ती १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. 'शीळ' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला १९५४ साली. म्हणजे जवळजवळ दोन दशके ही कविता महाराष्ट्राला पुस्तकातून नव्हे, कानातून माहीत होती. ज्यांनी १९५४ मध्ये संग्रह विकत घेतला त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती चालीसकटच वाचली असणार. ज्याला आपण 'भावगीत' म्हणतो, आणि वर्गात जरा नाक मुरडूनच शिकवतो, तो प्रकार ज्या थोड्या तबकड्यांनी रुजवला त्यांत हिची गणना होते. आता सांगा, या कवितेच्या स्वागताचा इतिहास लिहिणारा अभ्यासक तबकडीला बाजूला ठेवून काय लिहिणार? वाङ्मयेतिहासात संग्रहाचे वर्ष येते, कवीची जन्मतारीख येते, पुरस्कार येतात. मात्र कविता ज्या रूपात प्रथम हजारो लोकांपर्यंत पोचली त्या रूपाची साधी नोंदही क्वचितच येते.

आणि हे एका कवितेपुरते नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावतात, बारा इंचीवर चार-साडेचार. कवीने सात कडवी लिहिली असली तरी यंत्र सात कडवी घेत नाही. मग कोणते कडवे गळले, कोणाच्या सांगण्यावरून गळले, ध्रुपद किती वेळा आले, कोणता जड शब्द गायकाने जिभेला सोयीचा करून घेतला, श्वास घेण्यासाठी चरण कुठे मोडला, हे सारे निर्णय संपादनाचेच आहेत. पोथीच्या लेखनिकाने एखादी ओवी गाळली तर आपण त्यावर प्रबंध लिहितो. नाट्यपदांच्या बाबतीत तर नाटकाची छापील संहिता, रंगभूमीवर प्रत्यक्ष गायले जाणारे पद आणि तबकडीवरचे पद अशा तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि यांपैकी मधली कायमची हवेत विरलेली आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'बद्दल आपल्याकडे आठवणींचे डोंगर आहेत, आवाज नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याविषयी इतके लिहिले गेले आहे, पण त्यांचे एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. जिथे आवाज राहिला आहे तिथे तरी तो पुरावा म्हणून वापरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. गेल्या काही वर्षांत 'व्हायनल' या शब्दाला पुन्हा प्रतिष्ठा आली आहे. नव्या एल. पी. निघतात, त्यांची किंमत ऐकून माझ्यासारख्याला घेरी येते. परंतु मराठीच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा आवाज ज्यावर आहे ती तबकडी व्हायनलची नाही, लाखेची आहे. झाडाच्या फांद्यांवर किडे जी लाख तयार करतात तिच्यात दगडाची पूड, काजळी वगैरे मिसळून ती दाबून काढलेली असते. मिनिटाला सुमारे ७८ फेरे. व्हायनल वाकते, ही वाकत नाही. पडली की फुटते. तिच्यावरून पोलादी पिन फिरायची आणि जड भोंग्याचा सारा भार त्या टोकावर असायचा. प्रत्येक बाजूनंतर पिन बदलावी असे कंपन्या सांगत. आपल्या घरांतून एक पिन आठवडाभर पुरवली जाई. त्यामुळे ज्या गाण्यावर लोकांनी सर्वाधिक प्रेम केले त्याच गाण्याच्या खाचा आज सर्वाधिक करड्या पडलेल्या असतात. ज्यांना नव्याने हा नाद लागला आहे त्यांना जाता जाता एक सूचना: व्हायनल पुसायला काही जण स्पिरिटमिश्रित द्रव वापरतात, तो लाखेच्या तबकडीला चुकूनही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या डोळ्यांदेखत एका उत्साही तरुणाने एक भजन असे पुसून टाकलेले आहे.

आता 'दुर्मीळ' या शब्दाकडे वळू, कारण सगळा सावकारी व्यवहार या एका शब्दावर चालतो. दुर्मीळ म्हणजे मिळायला कठीण. हा शब्द वस्तूच्या अंगच्या गुणाविषयी काहीही सांगत नाही, आपण तिच्याशी कसे वागलो एवढेच सांगतो. एखादी तबकडी दुर्मीळ असण्याची कारणे फार गद्य असतात. छाप लहान कंपनीचा होता, प्रती कमी निघाल्या, वाडा पाडताना पोते भरून भंगारात गेले, माळ्यावर उंदरांनी खोकी कुरतडली, मुलाने चाक म्हणून फिरवली. या यादीत अभिमान वाटावा असे काय आहे? पण संग्राहकांच्या बैठकीत हा शब्द पदवीसारखा उच्चारला जातो, आणि मग त्याचा अपरिहार्य परिणाम होतो: दुसरी प्रत फुटल्याची बातमी सुवार्ता ठरते. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी दोन तास उभे राहून पाहावे. हिंदी चित्रपटांच्या सत्तरीतल्या काही एल. पी.वर उड्या पडतात, कारण त्यांतला चार सेकंदांचा ताल परदेशी डीजेंना हवा असतो. शेजारी कीर्तनाच्या, नकलांच्या, पोवाड्यांच्या फुटक्या कडांच्या तबकड्या पडलेल्या असतात. त्या चित्रपटाच्या एल. पी.हून कितीतरी दुर्मीळ असतात, पण त्यांना कुणी हात लावत नाही. म्हणजे दुर्मीळतेचा हा बाजार दुर्मीळतेलाही प्रामाणिक नाही.

संग्राहकांवर मी अन्याय करू इच्छित नाही. उलट हे आधीच मान्य केले पाहिजे की ते नसते तर आज भांडायलाही काही उरले नसते. कंपन्यांनी जपले नाही, विद्यापीठांनी मागितले नाही, वारसांनी किलोवर विकले. अशा वेळी पगारातले पैसे वाचवून, रविवारची झोप मोडून, घरच्यांचे टोमणे खात ज्यांनी हे ओझे उचलले त्यांच्यापुढे मराठीचा एकही विभागप्रमुख ताठ मानेने उभा राहू शकत नाही. भारतातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांची पद्धतशीर सूची मायकेल किन्नियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने केली. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने ती १९९४ साली छापली. आपल्याच शहरात छापलेले हे पुस्तक आपल्या किती विभागांच्या ग्रंथालयात आहे, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यामार्फत 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चिकाटीने चालवले. त्यात संग्राहकांनी आपापल्याजवळचे क्रमांक, छाप, तारखा उघड केल्या. हेही संग्राहकच आहेत. माझा झगडा जमवण्याशी नाही. जमवून मुके करण्याशी आहे.

जमवणे म्हणजे काय असू शकते, याची दोन उदाहरणे देतो. पहिले सर्वांना अर्धवट माहीत असलेले. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाई केरकरांच्या भैरवीची शिफारस केली. मूळ एल. पी. बाजारात नव्हती. कार्ल सेगन यांच्या सहकाऱ्यांनी न्यू यॉर्क पालथे घातले, तेव्हा एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, पत्ते खेळायच्या टेबलाखाली एका खोक्यात ती सापडली. २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर या दिवशी दोन्ही याने सुटली. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आपण ही कथा 'केरीची कन्या अंतराळात' अशा मथळ्याने सांगतो आणि टाळ्या घेतो. मला त्यातले खोके अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या आवाजाला पृथ्वीचा प्रतिनिधी म्हणून निवडले तो आवाज मिळवायला टेबलाखाली वाकावे लागले. आणि सापडल्यावर शोधणाऱ्यांनी तो घरी नेऊन फडक्यात गुंडाळला नाही, तर ज्यांची गाठ कधी पडणार नाही अशा श्रोत्यांकडे पाठवून दिला!

दुसरे उदाहरण व्हायनलचे. मुंबईतले चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक एल. पी. काढली. ती कुणी फारशी विचारली नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली. त्याने काय केले? वादकाचा शोध घेतला, त्याला भेटला, आणि २०१० मध्ये ती एल. पी. पुन्हा प्रकाशित केली. सिंग तेव्हा हयात होते. म्हातारपणी त्यांना परदेशांतल्या रंगमंचांवर बोलावणी आली. बाउमनजवळची मूळ प्रत त्यामुळे कमी 'दुर्मीळ' झाली असेल. त्याने तो तोटा सोसला.

या संदर्भात मला राजवाड्यांची आठवण होते. इतिहासाचार्यांनी गावोगाव हिंडून, उपाशीतापाशी राहून दप्तरे गोळा केली, हे आपण शाळेपासून ऐकतो. परंतु ती गोळा करून त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली, म्हणून ते राजवाडे. तीच पत्रे त्यांनी पेटीत ठेवून रविवारी निवडक पाहुण्यांना दाखवली असती, 'याची दुसरी प्रत वाळवीने खाल्ली' असे हसत सांगितले असते, तर त्यांना आपण काय म्हटले असते? जुन्या कागदांवर बसलेल्या ज्या घराण्यांना राजवाड्यांनी शिव्या मोजल्या, त्यांचेच वारस आज तबकड्यांच्या कपाटांपुढे बसले आहेत.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, विशेषतः तरुणांकडून: सगळे आता इंटरनेटवर आहे, कपाटे कोणाला हवीत? हा आक्षेप ज्यांनी कधी दोन प्रती पडताळून पाहिल्या नाहीत त्यांचाच असू शकतो. आंतरजालावर खूप काही आहे, आणि ते चढवणाऱ्यांचा मी ऋणी आहे. पण काय आहे ते नीट पाहा. गाण्याच्या नावापुढे बहुधा ना तबकडीचा क्रमांक, ना छाप, ना वर्ष. आवाज 'स्वच्छ' करताना खरखरीबरोबर गायिकेचे श्वासही पुसलेले. सुरुवातीच्या काळात ७८ फेऱ्यांचे प्रमाण पक्के झालेले नव्हते. कुठे कमी, कुठे अधिक वेगाने मुद्रण होई. ७३-७४ फेऱ्यांवर घेतलेली तबकडी ७८वर वाजवली की काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, लयही चढते, आणि मग आपण 'त्या काळच्या बायका किती वरच्या पट्टीत गात' असे निष्कर्ष काढतो. चुकीच्या वेगाने वाजवलेली तबकडी हा पाठभेदच आहे, फक्त तो गायिकेचा नसून आपल्या यंत्राचा आहे.

आणि सर्वांत वाईट म्हणजे शेवट कापलेला असतो. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला तेव्हा गौहर जानने गाणे संपवून इंग्रजीत आपले नाव सांगितले, हे सर्वश्रुत आहे. तबकड्या तेव्हा जर्मनीत हानोव्हरला दाबल्या जात (कोलकात्यातला कारखाना सुरू झाला १९०८ साली), आणि तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे कोणते हे कळावे म्हणून ही घोषणा उपयोगी पडे असे सांगतात. पुढे कितीतरी गायिकांनी ती प्रथा चालवली: नाव, कधी गाव. ज्यांच्याबद्दल दुसरी एक ओळ कुठे लिहिलेली नाही अशा बायकांनी स्वतःच्या तोंडाने केलेली ही नोंद आहे. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, तिथी लिहितो तिला आपण पुष्पिका म्हणतो आणि पोथीचा काळ ठरवताना प्रथम तीच पाहतो. ही त्या तबकडीची पुष्पिका. चढवणारा ती 'गाण्याचा भाग नाही' म्हणून छाटतो. ज्याने पाठचिकित्सेचा एक तासही ऐकला आहे असा विद्यार्थी तिथे असता तर त्याने ती छाटू दिली नसती. हा विद्यार्थी तिथे का नव्हता, हा प्रश्न मी पुन्हा त्या चहाच्या टेबलाकडे वळवतो.

कारण बंगालात तो होता. जादवपूर विद्यापीठात २००३ साली 'स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स' स्थापन झाले. नावातला शेवटचा शब्द नोंदींसाठी आहे, पण तो आपल्या अर्थानेही खरा ठरला. तिथे हिंदुस्थानी संगीताचा जो ध्वनिसंग्रह उभा राहिला त्यामागे अमलान दासगुप्ता होते, आणि हे गृहस्थ संगीत विभागाचे नव्हे, इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. खासगी संग्राहकांनी विश्वासाने आपला ठेवा प्रती करायला दिला, कारण समोर मागणारी एक संस्था होती, जी नोंद ठेवत होती, मूळ तबकडी परत देत होती. आपल्याकडे मुंबईत वडाळ्याला 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्यांचा देशी कारखाना होता. नावातच स्वदेशीचा काळ ऐकू येतो. मराठी, गुजराती, हिंदी, किती नवखे आवाज त्या छापावर पहिल्यांदा आले. त्या तबकड्यांच्या अंकीकरणाला अर्थसाहाय्य मिळाले ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून. काम केले ते मुंबईच्या संग्राहकांनीच. 'यंग इंडिया' वाचवायला पैसा लंडनहून आणावा लागला, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नसावी.

हक्कांचा बाऊ पुष्कळ केला जातो, म्हणून तेही सांगून टाकतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे लाखेच्या तबकड्यांचा जवळजवळ सारा साठा त्यातून मोकळा झालेला आहे. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. ना. घ. देशपांडे २००० साली गेले, तेव्हा त्यांचे शब्द अजून पुष्कळ वर्षे संरक्षित राहतील. परंतु ऐकायला, वर्णन करायला, पाठ पडताळायला, सूची करायला कोणता कायदा आड येतो? आड येते ती फक्त सवय.

आता माझ्याविषयी. अकरा वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मला एक तबकडी मिळाली. कीर्तनातल्या आख्यानाचा तुकडा, दोन बाजूंचा. लेबल घासून गेलेले, नाव वाचता येत नव्हते, क्रमांकाचे तीन आकडे तेवढे शिल्लक. घरी येऊन एकदा ऐकली. बुवांचे मराठी मी पुस्तकात कुठेही वाचलेले नव्हते. घाटाखालच्या बोलीतून ते मध्येच संस्कृत श्लोकात जात आणि तितक्याच सहजपणे परत येत. दुसऱ्या बाजूच्या शेवटी काही बोलणे होते, बहुधा नाव. खरखरीत ते लागले नाही. मी ठरवले, चांगली सुई आणल्यावर नीट उतरवून घ्यायची. लाखेच्या तबकडीची खाच एल. पी.च्या खाचेहून तीन-चार पट रुंद असते, तिला वेगळी सुई लागते, आणि ती मागवायला मला सवड झाली नाही. दरम्यान मी काय केले? मी ती लोकांना दाखवली. चार-पाच जणांना तरी दाखवली असेल. 'अशी दुसरी सापडायची नाही' असे म्हणालोही. तिसऱ्या घरी सामान हलवताना पावसात खोके भिजले, तळ निसटला, आणि ती फुटली. दोन तुकडे नाही, सात.

ते तुकडे मी ठेवले आहेत. त्या बुवांची बोली कोणत्या तालुक्याची, हे सांगू शकणारी माणसे मी ज्या विभागात शिकवतो त्याच विभागात बसतात; एक तर माझ्या शेजारच्या टेबलावर. त्यांना मी तबकडी दाखवली होती. ऐकवली नव्हती.

म्हणून आता जे मागतो आहे ते आधी स्वतःकडून मागतो आहे. तीन वेगांचे एक यंत्र आणि लाखेच्या तबकडीची एक सुई कोणत्याही विभागाच्या वार्षिक चर्चासत्राच्या जेवणखर्चात बसते. एम. ए.च्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून आणखी एका कादंबरीतील स्त्रीचित्रण देण्याऐवजी पन्नास तबकड्या द्याव्यात. प्रत्येकीचा छाप, क्रमांक, खाचेच्या शेवटी लाखेत कोरलेला साचा-क्रमांक, दोन्ही बाजूंचा मजकूर शब्दशः, छापील पाठाशी भेद, शेवटची घोषणा, आणि कोणत्या वेगाने वाजवली ते. शंका असेल तिथे शंका म्हणून लिहावे. मूळ तबकडी संग्राहकाच्या घरातून हलवायचीही गरज नाही, यंत्र त्याच्या घरी नेता येते. त्याचे नाव नोंदीत आदराने यावे. त्याची भूक बहुतेक वेळा तेवढीच असते, आणि ती भागवणे हे आपले कर्तव्य आपण कधी पार पाडलेले नाही. सावकार का झाला, तर पतपेढी कुणी काढली नाही म्हणूनही.

माझ्याकडे सध्या ३१२ तबकड्या आहेत. त्यांतल्या ४६ची नोंद दोन विद्यार्थिनींनी मिळून पूर्ण केली आहे. एका पदात छापील संहितेत नसलेला एक अख्खा चरण निघाला आणि एका नकलेत ज्याचा अर्थ आम्हा तिघांनाही लागत नाही असा शब्द. त्या लावणीवाल्या गृहस्थांना मी परवा पुन्हा फोन केला. हलक्या वजनाची सुई घेऊन मीच येतो, एकदाच वाजवू, उतरवलेली प्रत तुमच्याजवळच ठेवा, मला तो एक शब्द तेवढा ऐकू द्या, असे म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघू. पावसाळ्याआधी या."